प्रयोग ओळखा

काम अमेरिकेच्या केंद्र सरकारचे, पगार एखाद्या खासगी कंपनीचा आणि बसायची जागा स्वतःच्या घरात, बहुधा जेवणाच्या टेबलाच्या त्या टोकाला जिथे वायफाय नीट मिळते : या तीन गोष्टी जुळून आल्या की घरबसल्या सरकारी कंत्राटी नोकरी तयार होते. ही नोकरी मिळायला सहा-आठ महिने लागू शकतात. जायला पंधरा मिनिटे पुरतात, आणि त्यांतली पहिली चार ‘माझा आवाज येतोय का’ यात जातात.

मराठीत नोकरी ‘लागते’, जशी भूक लागते, ठेच लागते किंवा नाद लागतो. आणि ती ‘जाते’, जशी वीज जाते. दोन्ही वाक्यांत कोणी काही केल्याचा पुरावा नाही. व्याकरणाच्या पेपरात ‘नोकरी गेली’ या वाक्याचा प्रयोग ओळखायला सांगितला, तर उत्तर कर्तरी, आणि कर्ता ‘नोकरी’. म्हणजे ती आपल्या पायांनी उठून गेली. साध्या खासगी कंपनीत हे वाक्य निव्वळ शिष्टाचार असते, कारण कोणी काढले हे सगळ्या मजल्याला माहीत असते. सरकारी कंत्राटात मात्र ते अक्षरशः खरे ठरते. तिथे माणसाला कोणीच काढत नाही. तरी तो घरी असतो. घरी तो आधीपासूनच होता, हा या प्रकारातला आणखी एक घोटाळा.

सरकारने आपली कामे बाहेरच्यांकडून करून घेणे अमेरिकेत नवे नाही. टपाल वाहण्याचे कंत्राट सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला द्यावे, असे १८४५च्या कायद्याने ठरवले. त्याने खात्री, त्वरा आणि सुरक्षितता एवढे सांभाळावे. घोड्यावरून नेतो की गाडीतून, याची सरकारला चौकशी नको. हे तीन शब्द पुन्हापुन्हा लिहून कारकून कंटाळले आणि वहीत शब्दांऐवजी तीन चांदण्या काढू लागले. त्या मार्गांना ‘स्टार रूट’ हे नाव पडले ते असे. दूर कुठेतरी एकट्याने सरकारचे काम करणारा, ज्याचे तोंड खात्यातल्या कोणी कधी पाहिलेले नाही असा हा टपालवाला आजच्या घरबसल्या कंत्राटी माणसाचा मूळपुरुष मानायला हरकत नाही. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला याच मार्गांच्या कंत्राटांतला मोठा भ्रष्टाचार बाहेर आला, तेव्हा त्या बाजूनेही परंपरेत काही उणे नाही.

पुढे १९५५मध्ये सरकारने धोरणच जाहीर केले, की जी गोष्ट बाजारात मिळते ती सरकारने स्वतः करत बसू नये. बाजारात काय मिळत नाही, हे ठरवण्यासाठीही मग बाजारातूनच सल्लागार आणले गेले. २०२३ या आर्थिक वर्षात केंद्र सरकारने कंत्राटांवर सुमारे ७५९ अब्ज डॉलर खर्च केले. सरकारी नोकर किती, हे सरकारला सांगता येते. कंत्राटी माणसे नेमकी किती, याची मोजदाद कुठेच नाही, कारण सरकार माणसे विकत घेत नाही, ‘सेवा’ विकत घेते. डाळीचे पोते घेतल्यावर दाणे मोजण्याची पद्धत नाही. ज्याची येताना मोजणी झाली नाही, त्याची जाताना होण्याचे कारण नाही.

ही माणसे पूर्वी वॉशिंग्टनच्या आसपास राहत. राजधानीला वळसा घालणारा ‘बेल्टवे’ हा ६४ मैलांचा रस्ता १९६४मध्ये पूर्ण झाला आणि त्याच्या दोन्ही कडांना कंत्राटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उगवल्या. त्या कंपन्यांना प्रेमाने ‘बेल्टवेवरचे दरोडेखोर’ म्हटले जाते. हर्नडन, अ‍ॅशबर्न, गेदर्सबर्ग या गावांतल्या मराठी घरांत गणपतीच्या आरतीनंतर जी चर्चा चालते, तिच्यात ‘प्राइम’, ‘सब’ आणि ‘रिकॉम्पीट’ हे शब्द मोदकाइतकेच हमखास येतात. २०२०च्या साथीनंतर काचेच्या इमारती ओस पडल्या आणि वळसा घालणारा रस्ता सुटला. ओहायोतल्या तळघरातून किंवा टेक्ससमधल्या माळ्यावरून सरकार चालू लागले, आणि ते आधीपेक्षा वाईट चालले असे कोणाला सिद्ध करता आले नाही.

अशा नोकरीची रचना देवगडच्या आंब्याच्या पेटीसारखी असते. सरकार तासाला एक दर देते. तो मुख्य कंपनीकडे जातो, तिथून पोटकंत्राटदाराकडे, तिथून आणखी एका पोटात. दादरला पेटीला जो भाव मिळतो आणि बागेत जो मिळतो, त्यांच्यातल्या अंतरात बरीच कुटुंबे सुखाने राहतात. बागेतला माणूस तक्रार करत नाही, कारण आंबा तर जातो आहे.

कामावर रुजू होण्याआधी सरकार विश्वास तपासते. या तपासणीच्या पातळीचे नावच ‘पब्लिक ट्रस्ट’ आहे. फॉर्मवर कुठे कुठे राहिलात, कोणाकडे नोकरी केली, नातेवाईक कोण आणि कुठे, हे सगळे लिहावे लागते. कोथरूडच्या भाड्याच्या खोलीपासून सुरुवात करणाऱ्याला ही एक छोटी आत्मकथाच होते. केंद्राच्या बहुतेक कामांना नागरिकत्व किंवा निदान ग्रीन कार्ड लागते, आणि भारतातून गेलेल्याला ते मिळेपर्यंत केस पिकतात. तेव्हा लोकांचा विश्वास हाती यावा आणि वर्षभरात लोकांनी तो परत मागावा, हा योग काहींच्या पत्रिकेत असतो.

रुजू झाल्यावरची आचारसंहिता स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. सरकारी अधिकाऱ्याने कंत्राटी माणसाला आपल्या हाताखालच्या नोकरासारखे थेट राबवायचे नाही, असा नियम आहे. तसे झाले तर तो सरकारी नोकरच झाला की! म्हणून अधिकारी हुकूम देत नाहीत, ‘हे झाले तर बरे’ एवढेच म्हणतात. ईमेलमधल्या नावापुढे कंसात कंत्राटी असल्याची खूण असते, लग्नपत्रिकेतल्या ‘कै.’सारखी, वाचणाऱ्याने आवाज खाली आणावा म्हणून. खात्यात कोणी निवृत्त झाला की पडद्यावरच निरोपसमारंभ होतो. कंत्राटी माणसाला त्यात बसायला बंदी नाही, पण तो वेळ सरकारच्या बिलात लावता येत नाही. त्यामुळे भाषणे सुरू झाली की एकेक चौकट काळी होत जाते, आणि ज्यांची चौकट उरते ते परमनंट, हे नव्या माणसालाही कळते.

कंत्राट बहुधा एका वर्षाचे असते आणि पुढची चार वर्षे सरकारच्या मर्जीवर. दर वर्षी मर्जी झाली तर मुदत वाढते. सरकारचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, म्हणजे हा निकाल साधारण पितृपक्षाच्या सुमारास लागतो, आणि त्या पंधरवड्यात काही नवे हाती घेऊ नये हे अ‍ॅशबर्नमधल्या पुरोगामी माणसालाही पटते. पाच वर्षे संपली की पुन्हा निविदा. जुनी कंपनी हरते, नवी जिंकते, आणि नवी कंपनी जुन्याच माणसांना फोन करते, कारण काम त्यांनाच येत असते. एसटी स्टँडवरच्या कँटीनचे टेंडर बदलते, पाटीवरचे नाव नव्याने रंगते, पण कढईपुढे बसलेला माणूस तोच असतो आणि वडाही तोच. अशा तीन-तीन पाट्यांखाली एकाच खुर्चीवर पंधरा वर्षे काढलेली माणसे आहेत. त्यांना आपली नोकरी कायमची वाटू लागते. त्यात नवल नाही. खुर्ची कायमचीच होती, आणि शिवाय साथीनंतर ती स्वतःच्या घरातली होती.

या समजाला अधूनमधून तडे जात. २०१८-१९मध्ये अर्थसंकल्पाच्या भांडणात सरकार ३५ दिवस अंशतः बंद पडले. २०१९च्या कायद्याने सरकारी नोकरांना अशा काळाचा पगार मागाहून मिळण्याची हमी मिळाली. कंत्राटी माणसाला नाही. २०२५च्या शरदातले ‘बंद’ ४३ दिवस चालले, तेव्हाही तसेच. पण बंद म्हणजे भारनियमन. वीज येणार हे गृहीत असते, वेळ तेवढी माहीत नसते. मीटरच काढून नेणे ही वेगळी गोष्ट, आणि ती २०२५च्या सुरुवातीला घडली.

२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले आणि त्याच दिवशी दोन कागद निघाले. एकाने सरकारी नोकरांना घरून उठून कचेरीत यायला सांगितले, दुसऱ्याने ‘डोज’ नावाची काटकसर यंत्रणा जन्माला घातली. मराठी कानाला हे नाव पाजायच्या औषधासारखे लागते, आणि कान फार चुकीचा नव्हता. २२ फेब्रुवारीला सरकारी नोकरांना ईमेल गेला, की गेल्या आठवड्यात काय केले ते साधारण पाच मुद्द्यांत कळवा. परीक्षेत ‘थोडक्यात उत्तरे लिहा’ असते तसे. कंत्राटी माणूस दर आठवड्याला तासातासाचा हिशेब देतच असतो, त्यामुळे त्याला हा पेपर सोपा वाटला असता. पण तो या परीक्षेला बसलेलाच नव्हता. त्याच्यासाठी वेगळी पद्धत होती : माणसाला प्रश्न न विचारता कंत्राटाला विचारणे.

२६ फेब्रुवारीच्या आदेशाने खात्यांना चालू कंत्राटे तपासायला ३० दिवस दिले. माजी सैनिकांच्या खात्याने तर त्याआधीच सुमारे ८७५ कंत्राटे रद्द करून २ अब्ज डॉलर वाचवत असल्याचे सांगितले होते. सल्लागारांना पॉवरपॉइंटच्या पाट्या आणि बैठकांचे वृत्तांत लिहायला पैसे देणे थांबवू, असा मंत्र्यांच्या म्हणण्याचा आशय होता. लगेचच लक्षात आले की यादीत पॉवरपॉइंटखेरीज इतरही काही आहे. निर्णय थांबला, आणि मार्चच्या सुरुवातीला ५८५चा आकडा पुढे आला. उरलेल्या २९० कंत्राटांवरची माणसे या मधल्या आठवड्यात नोकरीवर होती की नव्हती, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे.

कोणते कंत्राट चालावे, हे ठरवायला त्याच खात्यात संगणकाचीही मदत घेतली गेली. ‘प्रोपब्लिका’ने जून २०२५मध्ये छापले, की डोजच्या एका अभियंत्याने लिहिलेला प्रोग्रॅम कंत्राटे वाचून त्यांवर ‘मंचेबल’, म्हणजे चघळण्याजोगे, असा शिक्का मारत असे. तो प्रत्येक कंत्राटाची सुरुवातीची १०,००० अक्षरेच वाचायचा. सरकारी कंत्राट ज्याने पाहिले आहे त्याला ठाऊक असते, की सुरुवातीला निव्वळ व्याख्या, कलमांचे आकडे आणि पत्ते असतात. नमनालाच घडाभर तेल. काम काय आहे ते पुढे कुठेतरी येते. शिवाय ३५ हजार डॉलरच्या काही कंत्राटांची किंमत या प्रोग्रॅमने ३ कोटी ४० लाख डॉलर लावली होती. डोजच्या संकेतस्थळावरच्या बचतीच्या पावत्यांतही ८० लाख डॉलरचे एक कंत्राट ८०० कोटींचे म्हणून आधी झळकले आणि मग दुरुस्त झाले. तीन शून्यांचा फरक. वाण्याच्या हिशेबात असे झाले असते तर दुकानापुढे गर्दी जमली असती.

तेव्हा ‘काढले कोणी’ या प्रश्नाच्या उत्तरात आता प्रोग्रॅमचीही भर पडली. त्याला विचारावे, तर त्याने फक्त शिक्का सुचवला. खात्याला विचारावे, तर खाते म्हणते, आम्ही माणसाला ओळखतच नाही, आमचे कंत्राट कंपनीशी. या म्हणण्याला भरभक्कम आधार आहे. अमेरिकन सरकारच्या प्रत्येक मोठ्या कंत्राटात ‘सरकारच्या सोयीसाठी समाप्ती’ हे कलम असते. कंपनीची चूक लागत नाही, कारण लागत नाही, सरकारला सोयीचे वाटले एवढे पुरते. याचे मूळ यादवी युद्धानंतरच्या काळात आहे. युद्ध संपले, नौदलाने मागवलेली यंत्रे अर्धवट बनलेली, आणि बोटींची गरज उरली नव्हती. अशा वेळी हिशेब चुकता करून काम थांबवण्याचा अधिकार नौदलाला आहे, असे १८७०च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. या कलमाखाली कंपनीला झालेल्या कामाचे आणि आवराआवरीचे पैसे मिळतात. होऊ घातलेला नफा मिळत नाही. जेवणाच्या टेबलावरच्या माणसाचा उल्लेख कलमात नाही. तो ‘आवराआवरी’त मोडतो.

कंपनीला विचारावे, तर तीही काढत नाही. ती बैठक बोलावते. बुधवारी संध्याकाळी कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची चौकट उमटते, शीर्षक ‘थोडे बोलायचे आहे’ अशा थाटाचे, आणि निमंत्रितांत मनुष्यबळ विभागातली एक अनोळखी व्यक्ती. अनुभवी माणसाला एवढ्यावरून कळते. तो शीर्षक वाचत नाही, निमंत्रितांची नावे वाचतो. बैठकीत सांगितले जाते की पोझिशनला फंडिंग राहिलेले नाही. पोझिशन गेली, माणूस मात्र कंपनीला फार मोलाचा वाटतो, म्हणून त्याचे आभार मानले जातात. सरकारी मराठीत हेच ‘सेवा समाप्त करण्यात येत आहे’ असे होते. ‘करण्यात येणे’ हे क्रियापद ज्याने शोधले, त्याचे नावही शोधण्यात आलेले नाही. ऐकणाऱ्याला त्या वेळी जे होते, त्यालाही मराठी व्याकरणात कर्ता नाही : मळमळते. अकर्तृक भावे प्रयोग. दुपारपर्यंत व्हीपीएन तुटते, आणि पासवर्ड चुकीचा असल्याचे संगणक सांगतो. पासवर्ड बरोबर असतो.

कायदा काही प्रमाणात मदतीला येतो. १९८८च्या कायद्याप्रमाणे १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीने सामूहिक कपातीची ६० दिवस आधी नोटीस द्यावी. पण सामूहिक म्हणजे साधारणपणे एका ठिकाणची ५० तरी माणसे. घरबसल्याचे ‘ठिकाण’ कोणते, यावर न्यायालयांत वाद घालता येतो आणि घातला गेला आहे. जेवणाच्या टेबलावर एकच माणूस असतो. फार तर समोर दप्तर पसरून बसलेली मुलगी धरावी. आरोग्यविमा पुढे चालू ठेवण्याची सोय १९८६पासून आहे, साधारण १८ महिन्यांपर्यंत, पण पूर्ण हप्ता स्वतः भरून, वर २ टक्के खर्च वेगळा. या कायद्याचे लघुनाव ‘कोब्रा’ आहे, आणि पहिले बिल आले की ते नाव ठेवणाऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर वाटतो. राज्य सरकारांच्या कंत्राटांवर एच-१बी व्हिसावरची माणसेही असतात. त्यांच्याकडे दुसरी नोकरी शोधायला किंवा व्हिसा बदलायला जास्तीत जास्त ६० दिवस असतात, आणि त्या दिवसांबद्दल विनोद करण्यासारखे फारसे नाही.

घरच्यांना कळवणे हा टप्पा कोणत्याही कलमात नाही, तरी सगळ्यांत लांबतो. बायकोला सांगावे लागत नाही. तिने स्वयंपाकघरातून ऐकलेले असते. सांगलीला फोन करावाच लागतो.

“अरे, सरकारी ना तुझी? मग जाईलच कशी?”

“सरकारी नव्हती गं आई. सरकारची होती.”

“बरं. पण काढलं कोणी?”

“तसं कोणीच नाही.”

“मग जा की उद्या कामावर.”

हा युक्तिवाद कोणत्याही अमेरिकन वकिलाने अजून केलेला दिसत नाही. सरकारीच्या आणि सरकारच्या मधले अंतर महाराष्ट्रात एरवी चांगले ओळखीचे आहे. बाह्ययंत्रणेमार्फत कंत्राटी भरती करण्याचा शासननिर्णय राज्य सरकारने सप्टेंबर २०२३मध्ये काढला आणि गदारोळ झाल्यावर ऑक्टोबरात मागे घेतला. आयांनी तो पेपरात वाचलेला असतो. पण अमेरिकेतही तेच असेल, हे त्यांना पटत नाही. तिकडे सगळे नीट असते, या समजावर तर मुलाला धाडलेले असते.

शेवटचा टप्पा सामानाचा. आठवड्याभरात दारात एक खोके येते. या शब्दाला महाराष्ट्रात २०२२नंतर जो अर्थ चिकटला, त्याच्याशी याचा संबंध नाही. हे रिकामे येते. आत फोमचा साचा, लॅपटॉपच्या मापाने कापलेला. परतीचे छापील लेबल. आणि काय काय परत करायचे त्याची यादी. चार्जर मूळचाच हवा, त्यामुळे पलंगाखाली शोधाशोध होते. लॅपटॉपच्या पोटावर सरकारी मालमत्तेचे स्टिकर असते, क्रमांकासह. या नोकरीत ज्याचा नंबर सरकारदरबारी नक्की नोंदला गेला ती ही वस्तू. कडेच्या खाचेतून ओळखपत्र ओढून काढावे लागते. त्यावरच्या फोटोतल्या माणसाचे केस बरेच काळे असतात. ओळखपत्र वेगळ्या पाकिटात. एस्केपच्या बटणावर हळदीचा पिवळा ठसा असतो, तो ओल्या फडक्याने पुसला तरी पुरता जात नाही. मग टेप, मग कुरियरचे दुकान.

दोन दिवसांनी मागोवा घेणाऱ्या पानावर नोंद उमटते : खोके सकाळी १० वाजून ४२ मिनिटांनी पोचले. खाली घेणाऱ्याचे आडनाव, आद्याक्षर आणि बोटाने काढलेली वेडीवाकडी सही. सगळ्या प्रकरणात ज्याने काही केले आणि नावानिशी कबूल केले, असा हा पहिलाच माणूस. ‘त्याने खोके घेतले.’ प्रयोग कर्मणी, पण कर्ता आहे.